स्ट्रॉबेरी, स्पिरिट आणि सेक्रेटरी

आलात का माई? काल रात्री तुमच्याकडे दिवा दिसला, तेव्हाच म्हटलं, सकाळी हाक मारायची. बारसं झालं ना नीट? पेढे नंतर द्या, आधी ऐका. नेमक्या त्याच रविवारी तुम्ही गावाला! कढीपत्ता राहू दे आता, तो काही पळून जात नाही.

"अगं, आल्या आल्या आमच्या भांडीवालीनं सांगितलं. तुझ्या सुनेनं म्हणे हॉलमध्ये पोरांना दारू वाटली."

घ्या! त्या बाईच्या जिभेला काही हाड? दारू नव्हे हो, आयसोप्रोपिल अल्कोहोल. इंजेक्शन टोचायच्या आधी दंडावर गार बोळा फिरवतात ना, त्यातलं. पोटात गेलं तर थेट दवाखाना. सूनबाईनं बाटल्यांवर लाल शाईनं कवट्या काढून ठेवल्या होत्या. त्या बघून धाकट्या पोरांना जास्तच चेव आला, ते सोडा.

विज्ञान दिनाचा कार्यक्रम होता. 28 फेब्रुवारी 1928 ला रामन यांचा तो प्रकाशाचा शोध लागला, म्हणून 1987 पासून देशभर पाळतात. दरवर्षी आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. निबंध स्पर्धा, विषय 'विज्ञान : शाप की वरदान', आणि बक्षीस कंपासपेटी. यंदा सूनबाई म्हणाली, आई, निबंध पुरे, पोरांच्या हातात काहीतरी देऊ. डीएनए काढायला लावू. मी म्हटलं, काढ बाई, पण कुणाचा?

झालं, तिथून महाभारत. तिला हवी होती कलेजी. पेशी गच्च भरलेल्या, प्रयोग हमखास होतो म्हणाली. सेक्रेटरींच्या कानावर गेलं. ज्या हॉलमध्ये दहा दिवस गणपती बसतो तिथे कलेजी? चेहरा असा झाला त्यांचा की मलाच दया आली. मग ती कांद्यावर आली. कांद्याच्या पेशीत आपल्या पेशीच्या पाचपट डीएनए असतो म्हणे. असेल, पण चार नंबरच्या ताई कांदा-लसूण शिवत नाहीत. त्या म्हणाल्या, वास बसेल पडद्यांना. शेवटी केळी आणि स्ट्रॉबेरी. सत्यनारायणाला चालतं ते विज्ञानाला न चालून सांगतंय कुणाला? महाबळेश्वरचा माल मंडईत उतरतच होता. आणि एक गंमत ऐका. तुमच्याआमच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, एक आईकडचा, एक बापाकडचा. या स्ट्रॉबेरीत आठ असतात. आठ! खायच्या केळ्यात तीन, म्हणून तर त्यात बी धरत नाही. म्हणजे फळ एवढंसं आणि डीएनए बख्खळ.

"पण डीएनए म्हणजे ते कोर्टातलं ना? बाप कोण ते ठरवतात ते?"

तेच. पण कोर्टातलं प्रकरण फार पुढचं. 1984 मध्ये इंग्लंडात लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांना त्याची युक्ती सापडली, आणि आपल्याकडे हैदराबादला लालजी सिंग यांनी ते तंत्र उभं केलं. आमच्या हॉलमध्ये डीएनए नुसता डोळ्यांनी बघायचा होता. वाचायचा नव्हता. बघणं निराळं आणि वाचणं निराळं, आणि अर्ध्या लोकांची तिथेच गल्लत होते. येते पुढे त्यावर.

आधी सामानाचं ऐका. शाळा-कॉलेजात मिळतं ते रेक्टिफाइड स्पिरिट घ्यावं तर त्याला एक्साइजचा परवाना. म्हणून औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल. ते गारढोण लागतं, म्हणून आदल्या रात्री झाकणं घट्ट लावून बाटल्या माझ्या फ्रीजरमध्ये. एरवी मी तिथे फुलांचा गजरासुद्धा ठेवू देत नाही. ह्यांनी रात्री बर्फासाठी दार उघडलं आणि म्हणाले, "तीस वर्षं मागतोय तेव्हा घरात येऊ दिली नाहीस, आणि आता चार-चार?" बाकी सगळं स्वयंपाकघरातलंच. मीठ, भांड्यांचा साबण, चहाची गाळणी, झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, उदबत्तीच्या काड्या धुऊन वाळवलेल्या. काचेच्या नळ्या तेवढ्या तिनं तिच्या संस्थेतून आणल्या. तुळशीबागेतून चार रंगांचे मणीही आणले होते, लाल समोर हिरवा आणि निळ्या समोर पिवळा अशा जोड्या लावत दोन सरांची माळ ओवायची म्हणून. अ समोर ट, ग समोर क, असं काहीसं. मुलींनी ती हातात बांधली, मुलांनी सायकलींना. दिसायला छान, पण खरं सांगू का, मला त्यात फारसा राम वाटला नाही. मणी ओवायला डीएनए कशाला हवा?

आता खरी मजा. कार्यक्रम म्हटला की आपल्याकडे समई आलीच. पाहुणे म्हणून ते निवृत्त प्राचार्य, त्यांच्यासाठी शाल-श्रीफळ, हार, आणि दीपप्रज्वलन. सेक्रेटरींनी समई घासूनपुसून मधोमध मांडली, पाच वाती लावल्या. सूनबाई आत आली आणि किंचाळायचीच बाकी राहिली. सगळ्या टेबलांवर स्पिरिट, हवेत त्याचा वास, आणि मध्ये ज्योती! ती म्हणाली, एक तर समई बाहेर जाईल नाहीतर मी. सेक्रेटरी म्हणाले, पंचवीस वर्षांत या सोसायटीत दीपप्रज्वलनाशिवाय पान हललेलं नाही. मग मीच मध्ये पडले. समई नेली व्हरांड्यात, तिथे दोन मिनिटं लावली, नमस्कार केला, शांत केली. आणि आत प्राचार्यांच्या हातात एक स्ट्रॉबेरी असलेली पिशवी देऊन सांगितलं, सर, ही चेंगरा, म्हणजे उद्घाटन झालं. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग जी चेंगरलीय म्हणता! बाह्या सरसावून. टाळ्या पडल्या ना, तेव्हा मी बघितलं, हाराकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"आणि पोरं?"

पोरांचं काय विचारता. एकेकाला एकेक फळ, पिशवीत घालून हातानंच रगडायचं, गुठळी राहता कामा नये. मग त्यात साबण आणि मिठाचं पाणी. साबण कशाला, तर पेशीचा बाहेरचा पापुद्रा आणि आतल्या केंद्रकाचा पापुद्रा दोन्ही स्निग्ध असतात, ते सुटायला हवेत. साबणानं ओशट सुटतं हे तुम्हाआम्हाला काय सांगायचं! मीठ कशाला, ते मात्र मला नव्यानं कळलं. डीएनएच्या धाग्यांवर सगळीकडे ऋण भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातला सोडियम तो भार झाकतो, मग धागे गोळा व्हायला राजी होतात. एवढं झालं की हलक्या हातानं ढवळायचं. इथे सूनबाई घसा फोडून सांगत होती, घुसळू नका, घुसळू नका! फेस झाला की पुढचं काही दिसत नाही, आणि लांब धागे तुटतात ते निराळंच. पण मराठी पोरांच्या हातात पिशवी दिली आणि घुसळू नका सांगितलं तर काय होणार? मागच्या दोन टेबलांवर नुसता फेसच फेस.

मग गाळणीतून नळीत. लालसर पाणी. आणि नळी तिरकी धरून, कडेनं, थेंब थेंब करत ते गार स्पिरिट सोडायचं, म्हणजे मिसळत नाही, वर तरंगतं. खाली लाल, वर स्वच्छ, मध्ये रेघ. माई, त्या रेघेपाशी आधी काहीच नव्हतं. मग एक धूसर पट्टा आला. त्यातून बुडबुडे घेऊन पांढरी तार वर सरकायला लागली, तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता सगळं एकमेकांत गुंतलं. पाण्यात डीएनए विरघळलेला राहतो, अल्कोहोलमध्ये राहत नाही, म्हणून दोघांच्या हद्दीवर तो बाहेर पडतो. उदबत्तीची काडी त्यात घालून हळूच फिरवली की तिला गुंडाळून येतो. हॉलमध्ये क्षणभर सगळे गप्प. आणि मग पहिल्या रांगेतला एक कारटा ओरडला, "ई, शेंबूड!"

हसला सगळा हॉल. पण सूनबाई हसली नाही. म्हणाली, तू म्हणतोस ते फार काही चुकीचं नाही. सर्दी जुनी झाली, जंतूंशी मारामारी झाली, की त्या घट्ट शेंबडात मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए खरंच असतो. आणि डीएनए पहिल्यांदा सापडला तोही पूमध्येच.

"शी! काय गं बाई!"

अहो, ऐका तरी. 1869 ची गोष्ट. जर्मनीत ट्युबिंगेन म्हणून गाव आहे, तिथल्या किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात प्रयोगशाळा थाटलेली. तिथे फ्रीडरिश मीशर नावाचा चोवीस वर्षांचा स्विस पोरगा. जवळच्या रुग्णालयातून जखमांच्या पुवाळलेल्या पट्ट्या मागवायचा, त्या धुवायचा, आणि त्यातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचा. किल्ल्याच्या मुदपाकखान्यात! आणि मी इथे फ्रीजरवरून कटकट केली.

पण गोष्ट वेगळीच आहे, ती पुढे. तेवढ्यात मागून एक आवाज आला, "पण हा डीएनएच आहे, कशावरून?"

"कोण गं?"

कोण असणार? ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली, सहावीतली. तुमच्या मोगऱ्याच्या कुंड्या फोडणारी.

"ती? तिचं नावच काढू नकोस."

तीच हो. केस पिंजारलेले, फ्रॉकवर स्ट्रॉबेरी सांडलेली. म्हणाली, साबण, मीठ आणि स्पिरिट एकत्र केलं म्हणूनच पांढरं झालं नसेल कशावरून? प्राचार्य म्हणाले, बाळ, मोठे लोक सांगतायत ना. सूनबाईनं त्यांना हातानं थांबवलं, वयाचा मान ठेवून पण थांबवलंच. तिनं त्या पोरीलाच पुढे बोलावलं. एक नळी घेतली, त्यात फळच नाही, नुसतं साबण-मिठाचं पाणी, वर स्पिरिट. काही आलं नाही. तार नाही, पट्टा नाही. पोरगी म्हणाली, बरं, म्हणजे स्ट्रॉबेरीतून आलं. पण स्ट्रॉबेरीत डीएनएच असतो का नुसता?

इथे माई, दुसरी कुणी असती ना, तर सांगितलं असतं, हो गं, बस खाली. आमच्या सुनेनं सरळ सांगितलं की नाही. त्या पांढऱ्यात पेक्टिनही असतं. आपण जॅम आटवतो तो ज्यानं घट्ट होतो ते. पिकल्या फळात ते भरपूर, आणि तेही अल्कोहोलमध्ये असंच पांढरं, चिकट होऊन बाहेर पडतं. शिवाय प्रथिनं. म्हणजे काडीला जो गोळा लागला तो सगळाच्या सगळा डीएनए नव्हे. मी इतक्या ठिकाणी हा प्रयोग झालेला ऐकलाय, शाळांतून, प्रदर्शनांतून. 'हा बघा डीएनए' म्हणतात आणि टाळ्या घेतात. पेक्टिनचं कुणी बोलत नाही. मला विचाराल तर ते न सांगणं म्हणजे निम्मा कार्यक्रम चोरणं.

आणि मग तिनं मीशरचं उरलेलं सांगितलं. त्यालाही तोच प्रश्न होता. पेशीतून जे पांढरं बाहेर पडलं ते नेहमीचं प्रथिनच असेल, कशावरून नाही? म्हणून त्यानं डुकराच्या जठरातून पेप्सिन काढलं, प्रथिनं पचवणारं, आणि ते त्यावर घातलं. प्रथिनं विरघळली, हे राहिलं. मग तपासलं तर त्यात फॉस्फरस निघाला. त्यानं नाव ठेवलं न्यूक्लीन. एवढं झाल्यावर त्याचे गुरू होप-झायलर काय म्हणाले असतील? ते म्हणाले, मी स्वतः करून बघितल्याशिवाय छापणार नाही. शिष्याचं काम 1869 चं, छापून आलं 1871 ला. तोवर अडवून धरलं! पोरीला ते फारच आवडलं. प्राचार्यांकडे बघून हसली मेली.

"मग सिद्ध झालं की नाही शेवटी?"

तिथे नाही झालं. थांबा, सांगते. पेक्टिन नको तर माणसाचा घ्या, माणसात पेक्टिन कुठून येणार? म्हणून दुसरा प्रयोग आपापल्या तोंडाचा. मिठाचं पाणी घेऊन गालाच्या आत मिनिटभर खुळखुळवायचं, आपल्याच कपात टाकायचं. आतल्या पेशी सुटून येतात. मग तेच, साबण, आणि कडेनं स्पिरिट. यात मात्र तार अगदी बारीक येते, उजेडाकडे धरून बघावी लागते. तर इकडे दोन प्रकार झाले. एक म्हणजे हॉलमध्ये थुंकायचं का, यावर चर्चा. ज्यांची भिंत जिन्यापाशी तंबाखूनं रंगलीय तेच पुढे होते बोलायला, नाव घेत नाही मी. आणि दुसरं, सात नंबरचे काका कप झाकून उभे राहिले. म्हणाले, माझा डीएनए मी देणार नाही. आधार दिलं, बोटांचे ठसे दिले, डोळे दिले, आता हा नाही.

मला हसू येत होतं, पण सूनबाईनं त्यांना शहाण्यासारखं घेतलं. म्हणाली, काका, तुमचा प्रश्न रास्त आहे. डीएनएची माहिती कुणी ठेवावी, किती ठेवावी यावर संसदेत विधेयक आलं होतं, ते 2023 मध्ये सरकारनं मागे घेतलं. वाद आहेच त्यात. आमच्या इथे प्रत्येकानं आपला कप आपल्या हातानं मोरीत ओतायचा आणि ब्लीचिंग पावडर घालायची. मी एकही नळी ठेवणार नाही. तिनं ते आधीच दारावर लिहून लावलं होतं, आणि पोरांच्या आईबापांकडून चिठ्ठ्याही घेतल्या होत्या. काकांनी शेवटी खुळखुळवलं. तार निघाल्यावर दहा मिनिटं उजेडाकडे धरून बसले होते. मोरीत ओतायला तेच सगळ्यांत शेवटी.

आणि लगेच विचारतात काय, "यावरून आमचं कूळ मूळचं कुठलं ते कळेल का?" बघा, हीच ती गल्लत. सूनबाई म्हणाली, काका, या नळीतून काहीच कळत नाही. धागा दिसला म्हणजे त्यावरची अक्षरं वाचता आली असं नाही. माणसाची सगळी अक्षरं पहिल्यांदा वाचायला 1990 मध्ये सुरुवात झाली आणि 2003 मध्ये काम पुरं झालं म्हणून जाहीर केलं, तीन अब्जांहून जास्त. आता ते झपाट्यानं होतं. आपल्या देशातल्या दहा हजार माणसांचं वाचून झालंय, 2025 च्या जानेवारीत तो संग्रह संशोधकांना खुला केला. मग तिनं काकांना आणखी एक सांगितलं, की वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, तुमच्या गोत्राच्याच वाटेनं. पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडूनच येतो, मुलगा असो की मुलगी. म्हणजे काका, तुमच्या आईकडच्या आजीच्या आईची खूण तुमच्यात आहे, आणि तिचं माहेरचं आडनाव तुम्हाला माहीत नाही. काकू मागे बसल्या होत्या. त्यांनी जो घसा खाकरला!

ते केळ्याचंही निघालं. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, माणूस आणि केळं साठ टक्के सारखे म्हणून. तर ते असं आहे, की आपल्या जनुकांपैकी साधारण साठ टक्क्यांना केळ्यात ओळखू येईल असा जोडीदार सापडतो. तोही हुबेहूब नव्हे. पेशीचं रोजचं घरकाम दोघांनाही करावं लागतं, त्यासाठीची जनुकं ती. सगळा डीएनए साठ टक्के सारखा, असा त्याचा अर्थ नाही. पण फॉरवर्ड करणाऱ्याला कशाला एवढं लागतं!

ह्यांनी पण एक कोपरा मांडला होता बरं का. बॉलपेनमधली स्प्रिंग, लेझरचा पॉइंटर, आणि समोर पाच-सहा पावलांवर पांढरी भिंत. पडदे ओढून अंधार केला. लेझर त्या स्प्रिंगमधून पाठवला की भिंतीवर एक फुली उमटते, ठिपक्याठिपक्यांची. डोळ्यांत कुणाच्या जाऊ नये म्हणून पॉइंटर चिकटपट्टीनं पक्का बसवलेला. आणि त्या फुलीच्या शेजारी फोटो लावला होता रोझलिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी मे 1952 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात क्ष-किरणांनी घेतलेला. फोटो 51 म्हणतात. त्यातही तशीच फुली. पीळ असलेल्या वस्तूतून किरण गेले की फुली पडते, म्हणजे डीएनएला पीळ आहे. मला तर सबंध कार्यक्रमात हे सगळ्यांत पटलं. कशावरून, याचं उत्तर भिंतीवर! तो फोटो फ्रँकलिनला न विचारताच वॉटसनना दाखवला गेला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये वॉटसन-क्रिकचा डीएनएच्या पिळाचा शोध छापून आला. 1958 मध्ये ती गेली, सदतीसाव्या वर्षी. 1962 चं नोबेल तिघा पुरुषांना. चार नंबरच्या ताई म्हणाल्या, म्हणजे कुटलं हिनं आणि चटणीला नाव त्यांचं. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं उरलं काय होतं?

"आणि ते कोर्टातलं?"

त्याचाही मासला होता, चायनाग्रासवर. खायचा सोडा घातलेल्या पाण्यात चायनाग्रास उकळून प्लास्टिकच्या डब्यात थापलं, एका कडेला खाचा ठेवल्या. खाचेत बर्फीत घालायचा हिरवा रंग सोडला, आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या एकमेकींना जोडून दोन टोकांना वीज दिली. अर्ध्यापाऊण तासानं बघावं तर हिरवा नाहीच. पिवळा पुढे गेलेला आणि निळा मागे रेंगाळलेला. रंगांवर ऋण भार, म्हणून धन टोकाकडे ओढले जातात, आणि त्या जाळीतून लहान रेणू लवकर सरकतो. डीएनएचे तुकडे असेच लहानमोठे वेगळे करतात, फक्त चायनाग्रासमधून शुद्ध केलेला ॲगॅरोज वापरतात. पण माई, अर्धा तास थांबतंय कोण? पोरं चहा-बिस्किटांकडे. हा प्रयोग आधी लावून ठेवायला हवा होता असं मी म्हटलं, तर म्हणे आई, लावलाच होता, तुम्ही वडे तळत होतात. असो.

"त्या पोरीचं काय झालं ते सांग की!"

तेच सांगत होते. ती गेलीच नाही घरी. सगळे पांगले, खुर्च्या रचल्या, ही काडीला गुंडाळलेला गोळा घेऊन उभी. म्हणाली, काकू, गालातल्यातही लाळेचं चिकट असतं, मग तेही कशावरून? खरंच असतं हो ते. अननसाच्या रसानं प्रथिनं तुटतात म्हणून सूनबाईनं दोन थेंब घालूनही दाखवले होते, पण पुरता निकाल काही लागला नव्हता. मग तिच्या आईला विचारून सूनबाई तिला शनिवारी आपल्या संस्थेत घेऊन गेली. स्ट्रॉबेरीचा गोळा धुऊन स्वच्छ केला, त्याचे दोन भाग केले. एकात डीएनएझ नावाचं विकर घातलं. ते डीएनएच कापतं, दुसऱ्या कशाला हात लावत नाही. दुसऱ्यात नुसतं पाणी. दोन्ही ॲगॅरोजमधल्या शेजारशेजारच्या खाचांत सोडले. पाणी घातलेल्यात चकाकणारा पट्टा आला, विकर घातलेल्यात काही नाही. पेक्टिन असतं तर दोन्हीकडे सारखंच राहिलं असतं ना? 1944 मध्ये न्यूयॉर्कला एव्हरी, मॅकलॉड आणि मॅकार्टी यांनी याच रीतीनं, विकरं घालून घालून, दाखवलं होतं की जंतूंमध्ये गुण नेतो तो डीएनए, प्रथिन नव्हे. त्यांच्यावरसुद्धा कित्येकांनी विश्वास ठेवला नाही बरेच दिवस.

पोरगी आली ती थेट आपल्या फाटकाशी. म्हणाली, काकू, होता, पण सगळा नव्हता.

"एवढी हुशार आहे तर माझी कुंडी कुणी फोडली ते विचारायचंस तिला."

विचारलं की! म्हणाली, मीच फोडली, कशावरून?

"बघितलंस! आता चेंडू आला ना अंगणात, तर देतच नाही परत."

द्या हो, द्या. मे महिन्यात परत करायचंय, आणि तिला मदतीला घेतलंय. या खेपेला फळ नाही, सुके हिरवे वाटाणे भिजवून. पिकल्या फळाइतकं पेक्टिन नाही त्यांत. तुमचा तो मोठा मिक्सर लागेल, आमच्याचं भांडं गळतंय. सेक्रेटरींनी तर कार्यकारिणीच्या वहीत ठरावच लिहून टाकलाय, की यापुढे सोसायटीच्या हॉलमध्ये फक्त शाकाहारी डीएनए काढता येईल. खाली सह्या आहेत सगळ्यांच्या, सात नंबरच्या काकांचीसुद्धा. त्यांनी स्वतःच्या गालातून काढला तो कुठल्या खात्यात धरला, ते काही मी विचारलं नाही.